आधी काय चरलं ते सांग

ज्या औषधानं माझा जीव वाचवला, त्याचं नाव मी पेपरात बरोबर लिहिलं होतं. एका मार्काचा प्रश्न होता. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर कोणतं औषध देतात? मी जराही न अडखळता ॲसिटिलसिस्टीन लिहिलं, खाली पट्टीनं रेघ मारली आणि पुढच्या प्रश्नाला लागले. अंगात ताप होता. तो उतरावा म्हणून वर्गात शिरायच्या आधी मी दोन वेगवेगळ्या गोळ्या घेतल्या होत्या, आणि दोन्हींत पॅरासिटामॉल होतं.

हल्ली मी हे हसत सांगते. पहिल्यांदा हसत सांगितलं तेव्हा समोर माझे वडील बसले होते, आणि ते हसले नव्हते. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. हे सगळं लिहून काढ, असं त्यांनीच सांगितलं. ज्यांना औषधांची नावं तोंडपाठ असतात, त्या फार्मसीच्या आणि नर्सिंगच्या पोरापोरींसाठी हे लिहितेय. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही.

डबा

मी निमोण्याची. आजोबांपर्यंत आमची माणसं मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायची. आप्पांनी शेती धरली, पण मेंढरांचा नाद सुटला नाही, दहा-बारा अजून दारात आहेत. शिरूरजवळच्या कॉलेजात बी. फार्मसीला ॲडमिशन घेणारी आमच्या भावकीतली मी पहिलीच. आप्पा गावात सगळ्यांना सांगायचे, "पोरगी औषधातली हाय." त्यामुळे सुट्टीला घरी गेले की लोक डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन ओट्यावर यायचे आणि मी दुसऱ्या वर्षातच तोऱ्यात सल्ले द्यायचे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशातली गत.

हॉस्टेलवर आमचा एक डबा होता. बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणावर गुलाबाची फुलं. सीनियर मुली पास होऊन गेल्या की तो पुढच्या वर्षाकडे यायचा, आणि तिसऱ्या वर्षाला तो माझ्याकडे आला. मेडिकलमध्ये गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापून देतात ना, चार हव्यात तर चार? त्यातल्या दोन खाऊन बरं वाटलं की उरलेल्या दोन डब्यात. डोकं दुखतंय, पोटात कळ येतेय, ॲसिडिटी झालीय, की मुलगी माझ्या खोलीत. खोलीला सगळ्या ओपीडी म्हणायच्या. मला ते फार आवडायचं.

कापलेल्या पट्टीच्या तुकड्यावर नाव नसतं, असलं तर अर्धंमुर्धं असतं. आम्हाला नावाची गरज वाटायची नाही. लाल फॉइलची सर्दीची, लांबट पांढरी तापाची, पिवळी अंगदुखीची. चार वर्षं रेणूंची नावं घोकणाऱ्या मुली हॉस्टेलवर गोळ्यांना रंगानं ओळखत होत्या, आणि यात काही चुकतंय असं एकीलाही वाटलं नाही. डॉक्टरकडे जायचं तर प्रॅक्टिकल बुडणार, हजेरी कमी भरणार. आणि खरं सांगायचं तर लाज वाटायची. फार्मसीची मुलगी, आणि साध्या तापाला दवाखान्यात?

सहा दिवस

तापाला सुरुवात झाली तेव्हा आमच्या चौथ्या वर्षाच्या सेशनल, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या, परीक्षा तोंडावर होत्या. साधा व्हायरल असावा. अंग मोडून आलं होतं, नाक वाहत होतं, डोकं ठणकत होतं. तीन तक्रारी, म्हणून तीन गोळ्या. तापाची सकाळ-संध्याकाळ, सर्दीची तीन वेळा, अंगदुखीची दुखेल तेव्हा. मेसचं जेवण बघितलं तरी मळमळायचं, म्हणून जेवण बंद. चहा आणि खारी. माझी रूममेट रेश्मा म्हणायची, अगं दोन घास खा. मी म्हणायचे, पेपर संपू दे, मग खाते.

सहा दिवस असे काढले. ताप गेला. पेपर बरे गेले. मग मळमळ वाढली आणि उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं. मी डब्यातनं ॲसिडिटीची गोळी काढून घेतली.

बारसं

शेवटच्या पेपरनंतरच्या रविवारी माझ्या आत्याच्या नातीचं बारसं होतं. आत्या दौंड तालुक्यात, खुटबावला असते. शिरूरहून चौफुल्याच्या रस्त्यानं एसटीत बसले. पारगावच्या पुलावर उलटी झाली. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, गाडी लागते होय तुला, आणि मीही हो म्हणून टाकलं. खुटबावच्या अलीकडे गुऱ्हाळं लागतात. तो गुळाचा वास लहानपणापासून माझ्या आवडीचा. त्या दिवशी तोही सहन होईना.

आत्याच्या दारात मांडव, पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्यांचं पातेलं चुलीवर. आई-आप्पा निमोण्याहून आधीच येऊन पोचले होते. मला बाळाला घ्यायला सांगितलं. मी पाळण्याजवळ उन्हात बसले आणि आत्यानं माझ्याकडे बघून हळूच बाळ काढून घेतलं.

"सोनाली, जरा वर बघ," ती म्हणाली. "पोरी, तुझं डोळं पिवळं दिसत्यात."

बायका गोळा झाल्या. कुणी म्हणालं कावीळ आहे, पलीकडच्या गावात एकजण मुळ्यांची माळ घालतो, तीन दिवसांत उतरते. कुणी उसाचा रस काढायला सांगितला. आत्याचं म्हणणं होतं, आधी बाळाच्या कानात नाव सांगू दे, पाव्हणे आलेत, मग माळवाल्याकडे जाऊ. आप्पा माझ्यासमोर उकिडवे बसले, अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढून बघितली. मेंढराची बघतात तशीच. मग उठून चप्पल शोधायला लागले.

"दौंडला न्यावं लागंल," म्हणाले.

आत्या दुखावली. नाव ठेवायच्या आधी भाऊ घर सोडून चाललाय, हे तिला बरं दिसेना. आप्पांनी ऐकलं नाही. आत्याच्या मुलाच्या पिकअपमध्ये मी मागे आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडले आणि आम्ही दौंडला निघालो. मागे बाळाचं नाव काय ठेवलं, ते मला चार दिवसांनी कळलं.

पडद्याच्या पलीकडे

दौंडच्या त्या हॉस्पिटलातले डॉक्टर तरुण होते आणि शांत. त्यांनी विचारलं, दारू? आप्पांसमोर असा प्रश्न म्हणून मी मान खाली घालून नाही म्हटलं. झाडपाल्याचं काही? नाही. कुठल्या गोळ्या?

"तापासाठी पॅरासिटामॉल घेत होते. सकाळ-संध्याकाळ एकेक."

मी खोटं बोलत नव्हते. माझ्या हिशोबी तापाची गोळी तेवढी पॅरासिटामॉल. सर्दीची ती सर्दीची, अंगदुखीची ती अंगदुखीची. पुस्तकातली फार्मसी आणि हॉस्टेलमधली फार्मसी माझ्या डोक्यात दोन वेगळ्या कप्प्यांत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट आले. काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या स्वच्छ. यकृताचे आकडे मात्र इतके वर गेलेले की नर्सनं कागद दोनदा बघितला. सुई टोचलेल्या जागेतून रक्त थांबत नव्हतं. डॉक्टरांनी आप्पांना पडद्याच्या पलीकडे बोलावलं. त्यांना वाटलं मला ऐकू येत नसेल, पण हॉस्पिटलचा पडदा म्हणजे नुसतं कापड.

ते सांगत होते, आज आणि उद्या बघू. आकडे वर गेले, शुद्ध हरपायला लागली, तर पुण्याला हलवावं लागेल. तिथं कदाचित यकृतच बदलायची वेळ येईल. कारण काय ते अजून कळत नाहीये.

आप्पांनी फक्त एक प्रश्न विचारला. बापाचं चालतं का?

डॉक्टर म्हणाले, ती वेळ येऊ नये, आली तर तपासून बघू. आप्पा म्हणाले, बरं. वावराला पाणी आज द्यायचं की उद्या, तेवढ्या साध्या आवाजात. भीती म्हणजे काय, ते मला त्या "बरं"नं कळलं.

आणि मग मी पडल्या पडल्या मोजायला लागले. तापाची गोळी. सर्दीची, लाल फॉइलची, तिच्यात काय काय असतं? तिसऱ्या सेमिस्टरचं पान डोळ्यांसमोर आलं. पॅरासिटामॉल. उपाशीपोटी, सहा दिवस. मला कळलं होतं. पूर्ण नाही, पण पुरेसं कळलं होतं.

तरी मी बोलले नाही. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. आल्या आल्या आप्पांनी नर्सला सांगितलं होतं, पोरगी तुमच्याच लायनीतली हाय. आता मी त्यांच्यासमोर काय सांगणार होते? की तुमची औषधातली पोरगी औषधानंच आजारी पडली? जीव जाईल याची भीती होती, आणि तिच्याशेजारी इतकी बारकी लाज बसली होती, आणि त्या तासाभरात लाजच जिंकत होती.

पेनाचं टोपण

अकराच्या सुमारास पांढरा कोट घातलेल्या, चाळिशीच्या एक बाई आल्या. हातात फाईल. मला वाटलं मोठ्या डॉक्टर. त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या आणि म्हणाल्या, "मी शेख. इथली फार्मासिस्ट."

खरं सांगते, चौथ्या वर्षाला येऊनही मी पेशंटच्या खाटेजवळ बसलेला फार्मासिस्ट कधी बघितला नव्हता. फार्मासिस्ट म्हणजे काचेमागे उभा राहून गोळ्या देणारा माणूस, मीही तेच होणार, असं माझं चित्र होतं. शेख मॅडम रोज वॉर्डात फिरायच्या. कुणाला कुठलं औषध चालू आहे, कशाचं कशाशी जमत नाही, कुणाच्या किडनीला डोस जड होतोय, हे बघून डॉक्टरांना सांगायच्या, आणि डॉक्टर ऐकायचे.

त्या म्हणाल्या, माझे रिपोर्ट आणि मी सांगितलेली हकीकत यांचा मेळ बसत नाही. दिवसाला दोन गोळ्यांनी यकृताचं इतकं होत नाही. ताप आल्यापासून तोंडावाटे जे जे पोटात गेलं, ते सगळं सांग.

मी तेच सांगितलं. पॅरासिटामॉल, सकाळ-संध्याकाळ.

त्यांनी लिहून घेतलं. मग पेनाला टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं आणि तशाच बसून राहिल्या. उठल्या नाहीत. आणखी काही विचारलं नाही. माझ्याकडे रोखूनही बघितलं नाही, सलाईनच्या थेंबांकडे बघत बसल्या. सकाळपासून माझ्यापाशी इतका वेळ कुणी बसलं नव्हतं.

पायाशी आप्पा उभे होते. त्यांना ती शांतता जड झाली असावी. ते बोलायला लागले.

"मॅडम, मी अडाणी माणूस हाय. पर आमच्यात मेंढराचं डोळं पिवळं पडलं ना, तर आमी मेंढराकडं न्हाई बघत बसत. आमी रान बघाया जातो. कुठंतरी घाणेरी चरल्यालं असतं."

घाणेरी म्हणजे ते रंगीबेरंगी फुलांचं रानटी झुडूप, बांधाबांधावर असतं. मॅडमनी मान वर केली. म्हणाल्या, बरोबर आहे आप्पा, तिच्यानं मेंढरांचं यकृतच जातं.

"मेंढराला बोलाया येत न्हाई, म्हणून रान हिंडावं लागतं," आप्पा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू तर बोलती हायस. आधी काय चरलं ते सांग."

आवाजात राग नव्हता. रुसलेल्या लेकराला विचारावं तसं विचारलं. मी सांगायला लागले. डबा, कापलेल्या पट्ट्या, लाल फॉइल, पिवळी गोळी, चहा-खारी, सहा दिवस. रडत रडत सांगितलं. पेपरात काय लिहिलं तेही सांगितलं.

मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला, उठल्या आणि वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या डॉक्टरांकडे गेल्या. चालत गेल्या, पण मी तितकं भरभर चालणं कधी बघितलं नाही. शेवटची गोळी कधी घेतली, एवढंच डॉक्टरांनी येऊन विचारलं. उशीर झालाय, पण या औषधाचा उशिरानंही उपयोग होतो, म्हणाले. तासाभराच्या आत नवी बाटली लागली. मॅडमनी डोसाचा हिशोब माझ्यासमोर केला, नर्सनं तो पुन्हा केला, दोन्ही जुळले तेव्हा नळी उघडली.

औषधाच्या कुपीला सडक्या अंड्यासारखा वास येत होता. कुपीवर नाव होतं. मी ते वाचलं. पंधरा दिवसही झाले नव्हते, याच नावाखाली मी पट्टीनं रेघ मारली होती. तेव्हा ते एका मार्काचं होतं. आता ते थेंबाथेंबानं माझ्या हातात शिरत होतं, आणि मी नुसती बघत राहिले. इतकं मोठं काहीतरी मी इतकी वर्षं शिकत होते, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

डबा उघडला

मी फोन केला तशी रेश्मा दुपारच्या एसटीनं डबा घेऊन आली. उपचार चालूच झाले होते, पण मॅडमना सगळं नक्की हवं होतं. त्यांनी टेबलावर पांढरं कापड पसरलं आणि डबा पालथा केला.

त्यानंतर जे बघितलं ते मी विसरणार नाही. मॅडम एकेक तुकडा उचलायच्या, खिडकीच्या उजेडात धरायच्या. अर्धं अक्षर, फॉइलची कड, गोळीवरची बारीक खूण, एवढ्यावरून नाव सांगायच्या. घटक सांगायच्या. अडलं की फोनवरून कुणाला तरी विचारून खात्री करायच्या, अंदाजानं एकही ठेवली नाही. आप्पा जवळ सरकून बघत होते. शंभर मेंढरांतलं आपलं मेंढरू कानावरून ओळखणारा माणूस तो, त्याला या कामाची किंमत माझ्याआधी कळली.

पिवळी अंगदुखीची गोळी मॅडमनी वेगळी ठेवली. तिच्यातही पॅरासिटामॉल होतं. म्हणजे तीन. मी दोनच धरल्या होत्या. दिवसाला जेवढं सोसतं, त्याच्या पुष्कळ पुढे गेले होते मी, आणि तेही रिकाम्या पोटी.

मग मॅडम थांबल्या. चिमुकल्या पांढऱ्या गोळ्यांचे दोन-दोनचे सात-आठ तुकडे त्यांनी बाजूला काढले. "ह्या झोपेच्या आहेत. कोण घेतं?"

रेश्मानं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आम्हाला माहीत नव्हतं. माझ्या खोलीतल्या, माझ्या डब्यातल्या गोळ्या, आणि मला माहीत नव्हतं.

मॅडमनी सगळे ढीग पुन्हा एकदा नजरेखालून घातले. सगळ्यात मोठा ॲसिडिटीचा, त्याखालोखाल डोकेदुखीचा. "हा औषधांचा डबा नाहीये," त्या म्हणाल्या. "ही तुमच्या हॉस्टेलची केस फाईल आहे."

आप्पा तेवढ्यात बाहेर निघून गेले. मला वाटलं, संपलं, आता हे माझ्याशी बोलणार नाहीत. आई त्यांच्या मागे गेली. दोघांचा आवाज व्हरांड्यातून येत होता. आई म्हणत होती, तुम्हीच तिला गावभर डोक्यावर घेऊन नाचलात, आता तिला चुकायचीसुद्धा चोरी. आप्पा काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळानं परत आले, पायाशी बसले.

"घाणेरी कडू असती," म्हणाले. "भरल्या पोटाचं मेंढरू तिला तोंड लावत न्हाई. उपाशी असंल तरच खातं."

एवढंच. मला कुणी त्याहून मोठी माफी दिलेली नाही.

पालवी

पुढचे तीन दिवस धाकधुकीचे गेले. हिरड्यांतून रक्त यायचं. अंगाला खाज सुटायची. नर्स दर थोड्या वेळानं माझं नाव, गावाचं नाव, वार विचारायची. मेंदू ठिकाणावर आहे ना हे बघायला. एकदा मी वार चुकले तर आईनं पदर तोंडाला लावला. मग कळलं की मीच बरोबर होते, नर्सनं कॅलेंडरचं पान फाडलं नव्हतं. त्या वॉर्डात आम्ही पहिल्यांदा हसलो ते तेव्हा.

रोज सकाळी रक्त जायचं आणि मॅडम दुपारी रिपोर्ट घेऊन यायच्या. औषधाच्या रिकाम्या खोक्याच्या पाठीवर त्यांनी माझ्या आकड्यांची रेघ काढली होती. पहिल्या दिवशी रेघ वर, दुसऱ्या दिवशी तिथंच. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेन टेकवलं आणि ते खाली ओढलं. मी बघत होते. ती खाली गेलेली तिरकी रेघ मला अजून डोळे मिटले तरी दिसते. पुण्याला जायचं नव्हतं. आप्पांचं यकृत आप्पांकडेच राहणार होतं.

मॅडमनी सांगितलं की यकृत पुन्हा वाढतं, मेलेल्या जागी नवं येतं. आप्पांना ते पटकन पटलं. "छाटल्याल्या बाभळीगत," म्हणाले. मला मात्र पटायला वेळ लागला. मी सहा दिवस ज्याला मारत होते, ते आतल्या आत मला न विचारता, माझ्यावर न रागावता नव्यानं उभं राहत होतं. यकृताचं कार्य या विषयावर मी दहा मार्कांचं उत्तर लिहू शकते. आश्चर्य हा शब्द त्यात कुठेच नव्हता.

चौथ्या दिवशी आत्या आली. वाटीभर घुगऱ्या झाकून आणल्या होत्या. तोवर तिचा रुसवा गेला होता, आणि मला खायची परवानगीही मिळाली होती. बाळाचं नाव आरोही ठेवलं, म्हणाली. मी एकेक दाणा चावून खाल्ला. गहू, हरभरा, मीठ. दहा-बारा दिवसांनी मला कशाची तरी चव लागली.

लाडू

दीड महिन्यानं कॉलेजला परत गेले. डोळे पांढरे झाले होते, अंगात ताकद यायची होती. आमच्या सरांना मी सगळं सांगितलं आणि विचारलं, शेख मॅडमना बोलावू का? त्यांना आधी संकोच वाटला, कॉलेजचं नाव, पालक वगैरे. मग हो म्हणाले. हजेरी आणि बुडालेलं प्रॅक्टिकल यांचं आजारपणात काय करायचं, तेही त्यानंतर ठरलं. डॉक्टरकडे गेलेल्या मुलीचं प्रॅक्टिकल आता परत घेतात. एवढं जरी आधी असतं तर.

मॅडमनी भाषण दिलं नाही. कोरे कागद वाटले, नाव लिहू नका म्हणाल्या, महिन्याभरात घेतलेली प्रत्येक गोळी लिहा आणि तिच्यातला प्रत्येक घटक लिहून बेरीज करा. दहा मिनिटांनी वर्गात कुजबूज बंद झाली. मी पहिल्या बाकावर होते, मला मागे वळून बघायचा धीर झाला नाही. बेरीज करता करता पोरींच्या चेहऱ्यांवर काय उमटत असेल ते मला माहीत होतं.

जुन्या गोळ्या मॅडम नष्ट करायला घेऊन गेल्या. रिकामा डबा मी फेकणार होते. आप्पांनी तो निमोण्याला नेला, राखेनं घासला, उन्हात ठेवला, आणि पुढच्या सोमवारी भरून परत आणून दिला. शेंगदाण्याचे लाडू. आईनं वळलेले, खुटबावच्या गुळातले. आता दर पंधरा दिवसांनी भरून येतो.

खोलीला अजून ओपीडीच म्हणतात. डोकं दुखतंय म्हणून कुणी आली की मी आधी लाडू देते आणि विचारते, आज काय चरलीस? हसतात. निम्म्याजणींचं डोकं लाडवानंच थांबतं. उरलेल्या निम्म्यांना मी दवाखान्यात घेऊन जाते, स्वतः बरोबर जाते.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आली. गप्प असते, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. परीक्षा जवळ आली होती. डोकं दुखतंय, म्हणाली. मी डबा उघडून तिच्यासमोर धरला. तिनं आत बघितलं, लाडू घेतला नाही.

"ताई, यात त्या बारक्या पांढऱ्या गोळ्या असायच्या," ती हळू म्हणाली. "त्या कुठं गेल्या?"

मी जर्नल लिहीत बसले होते. लगेच काही बोलावंसं वाटलं, पुष्कळ काही. बोलले नाही. तिच्यासाठी खुर्ची ओढली, हातातल्या पेनाला टोपण लावलं आणि तिच्याशेजारी बसून राहिले.

पुष्कळ वेळानं तिनं लाडू उचलला. अर्धा खाल्ला, आणि मग सांगायला लागली.